मध्ययुगाला शिवी देण्याआधी

कुठल्यातरी गावात एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण झाली, किंवा जात पंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकलं, की दुसऱ्या दिवशी पेपरात आणि टीव्हीवर एक शब्द हमखास येतो, ‘मध्ययुगीन मानसिकता’. मीपण हा शब्द वापरायचे. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत ‘आपण एकविसाव्या शतकात आहोत की मध्ययुगात?’ असं विचारून टाळ्यासुद्धा घेतल्यात. आता एम.ए.ला मध्ययुगीन युरोपचा, म्हणजे साधारण पाचव्या ते पंधराव्या शतकाचा, पेपर घेऊन दोन सेमिस्टर झाली आणि हा शब्द माझ्या तोंडातून निघेनासा झालाय, कारण जे जे आपण मध्ययुगाच्या नावावर खपवतो त्यातलं बरंचसं त्या काळात घडलेलंच नाही, आणि जे खरंच घडलं ते का घडलं हे बघायला गेलं की फार ओळखीची माणसं भेटतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा शब्द शिवी म्हणून वापरला की मध्ययुगावर अन्याय होतो, ते एक वेळ बाजूला ठेवू, ती माणसं जाऊन सहाशे-सातशे वर्षं झाली. पण त्याहून मोठं नुकसान आपलं होतं. आज घडणारं क्रौर्य म्हणजे कुठल्यातरी जुन्या काळाचं शिळं उरलंय आणि शिक्षण वाढलं की ते आपोआप जाईल असं आपण धरून चालतो, आणि मग ते आज कोण करतंय, त्यात कोणाचा फायदा आहे, हे शोधतच नाही.

हा पेपर घेतला तेव्हा सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, याचा एमपीएससीला उपयोग काय. खरं सांगायचं तर काहीच नाही. यूपीएससीला इतिहास ऑप्शनल घेतला तरी जगाचा इतिहास एकदम प्रबोधनाच्या (एनलाइटनमेंटच्या) विचारवंतांपासून सुरू होतो, त्याच्या आधीची हजार वर्षं जणू झालीच नाहीत. आम्ही वर्गात मोजकीच पोरं, मराठीत धड एक पुस्तक हाताला लागत नाही, इंग्रजी वाचायचं आणि मनात मराठीत लावायचं. त्या लावण्यातच मला या विषयाची गोडी लागली.

आधी नावाचं बघा. मध्ययुगातल्या कुणालाही आपण मध्ययुगात आहोत हे माहीत नव्हतं. चौदाव्या शतकात पेत्रार्क नावाचा इटालियन कवी रोमन काळाच्या प्रेमात होता आणि त्याने रोमनंतरच्या शतकांना अंधाराची उपमा दिली, पुढे सतराव्या शतकात सेलारियस नावाच्या जर्मन अभ्यासकाने इतिहासाचे प्राचीन, मध्य आणि आधुनिक असे तीन तुकडे पाडून पुस्तकं लिहिली, आणि तेच तुकडे आपण शाळेत पाठ करतो. म्हणजे मधलं युग ही नंतरच्या लोकांनी आधीच्यांना लावलेली चिठ्ठी आहे. आणि गंमत नाही, मला मनापासून खटकतं ते हे की मराठीत आपण ज्ञानेश्वर, नामदेव, चोखामेळा यांनासुद्धा ‘मध्ययुगीन संतकवी’ म्हणतो. ज्ञानेश्वरी १२९० ची. सकाळी त्याच विशेषणाने संतांपुढे हात जोडायचे आणि संध्याकाळी टीव्हीवर तेच विशेषण गुन्हेगाराला लावायचं, हे चालतं कसं?

आता चेटकिणींचं घेऊ, कारण डाकीण प्रथेबद्दल बोलताना हटकून युरोपचं उदाहरण येतं. चेटकीण म्हणून बायकांना जिवंत जाळणारं मध्ययुग, हे चित्र माझ्याही डोक्यात पक्कं होतं. पण काळ नीट लावून बघा. आठव्या शतकाच्या शेवटी शार्लमेन या फ्रँक राजाने जिंकलेल्या सॅक्सन प्रदेशासाठी जो कायदा केला त्यात उलटंच कलम आहे, म्हणजे एखादी बाई किंवा पुरुष चेटूक करतो आणि माणसं खातो असं मानून जो कोणी त्याला जाळेल त्या जाळणाऱ्यालाच मृत्युदंड. दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा चर्चचा एक नियम सांगतो की रात्री आपण देवीबरोबर आकाशातून उडतो असं ज्या बायका म्हणतात त्यांना भ्रम झालाय, असं काही होत नसतं, आणि लोकांनी यावर विश्वास ठेवू नये असं पाद्र्यांनी शिकवावं. हा नियम पुढे कित्येक शतकं कायद्याच्या संग्रहात राहिला. खटल्यांची सुरुवात होते ती मध्ययुगाच्या अगदी शेवटी, पंधराव्या शतकात आल्प्सच्या भागात. चेटकीण कशी ओळखावी, कशी चौकशी करावी याचं कुप्रसिद्ध पुस्तक येतं १४८६ च्या सुमारास, आणि ते हाताने लिहून नाही, छापून येतं. आणि खरा वणवा पेटतो तो १५६० ते १६३० या काळात. एकूण साधारण ४० ते ५० हजार माणसं मारली गेली असं आजचे अभ्यासक मानतात, त्यात बहुतेक बायका. म्हणजे हा काळ कोपर्निकस होऊन गेल्यानंतरचा, शेक्सपियरचा, गॅलिलिओचा. १६२६ ते १६३१ मध्ये जर्मनीतल्या वुर्झबुर्गला शेकडो लोक जाळले गेले तेव्हा त्या गावात विद्यापीठ होतं.

यातला सगळ्यात हादरवणारा माणूस माझ्यासाठी झां बोदँ, हा फ्रेंच विचारवंत. बी.ए.ला राज्यशास्त्रात सार्वभौमत्वाचा सिद्धांत शिकलो तो याचाच, १५७६ चा, आधुनिक राज्याच्या विचाराचा पाया म्हणून याचं नाव परीक्षेत लिहायचो. त्याच बोदँने १५८० मध्ये चेटकिणींवर एक आख्खं पुस्तक लिहिलंय, त्यात न्यायाधीशांनी दयामाया दाखवू नये असा त्याचा आग्रह आहे. बी.ए.च्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं. सार्वभौमत्व आधुनिक काळाच्या खात्यात जमा केलं आणि चेटकिणी मध्ययुगाच्या खात्यात ढकलल्या, आणि दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर लिहिलं गेलं हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. गोव्यातल्या इन्क्विझिशनलाही, म्हणजे पाखंडी शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयालाही, लोक सर्रास मध्ययुगीन म्हणतात. ते सुरू झालं १५६० ला, मधली चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं, म्हणजे पेशवाईच्या शेवटच्या वर्षांपर्यंत. आणि त्याच गोव्यात, भारतातला पहिला छापखाना सुरू झाला तो १५५६ ला. चार वर्षांचं अंतर. आधुनिकतेची खूण म्हणून आपण ज्या छापखान्याचं कौतुक करतो तो आणि ते न्यायालय एकाच राजवटीने, एकाच बंदरात उतरवलं. याला मध्ययुगीन म्हटलं की पोर्तुगीज वसाहतीचं राजकारण, जमिनी, मालमत्ता, सगळं धुक्यात जातं आणि फक्त ‘धर्मवेडे लोक होते’ एवढंच उरतं.

याचा अर्थ मध्ययुग सोन्याचं होतं असं मी म्हणत नाहीये. १०९६ ला पहिल्या क्रुसेडच्या (ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या) वाटेवर ऱ्हाईन नदीकाठच्या शहरांत ज्यूंच्या कत्तली झाल्या. १२१५ च्या चर्चच्या लॅटरन परिषदेने ज्यू आणि मुसलमानांनी वेगळे ओळखू येतील असे कपडे घालावेत असा ठराव केला. १२९० ला, बरोबर ज्ञानेश्वरीच्या साली, इंग्लंडच्या राजाने देशातले सगळे ज्यू हाकलून दिले. हे वाचताना रात्री झोप लागत नाही, आणि यातलं काही झाकायचं नाही. पण एक गोष्ट बघा, हे सगळं जास्त करून अकराव्या-बाराव्या शतकानंतर वाढत जातं, आणि तो काळ कसला, तर शहरं वाढली, विद्यापीठं निघाली, कायद्याचे पदवीधर तयार झाले, राजाकडे आणि पोपकडे कचेऱ्या आल्या, नोंदी ठेवणारे कारकून आले. कोण आपला आणि कोण बाहेरचा हे कागदावर लिहायची सोय झाली तेव्हा बाहेरच्याला शोधून काढणंही सोपं झालं. छळ अडाणीपणातून येतो असं मी धरून चालले होते, इथे तो शिकलेल्या माणसांच्या हातून, पद्धतशीर, फाईल करून येतो.

आज फ्रान्समध्ये असलेल्या स्ट्रासबर्ग शहराची गोष्ट मला कधीच विसरता येणार नाही. १३४७ ला प्लेग युरोपात शिरला, पुढच्या चार-पाच वर्षांत तिथली निदान एक तृतीयांश माणसं गेली. अफवा उठली की ज्यूंनी विहिरींत विष कालवलंय. १३४८ लाच पोप क्लेमेंट सहावा याने फर्मान काढून सांगितलं की हा आरोप खोटा आहे, प्लेगने ज्यूसुद्धा मरतायत आणि जिथे ज्यू राहतच नाहीत तिथेही प्लेग आहेच. बघा किती साधा, सरळ तर्क आहे, आणि तो १३४८ मधला आहे. स्ट्रासबर्गच्या नगर परिषदेनेही आपल्या ज्यूंना वाचवायचा प्रयत्न केला. मग शहरात उठाव झाला, ती परिषद पाडली, नवी परिषद बसली, आणि १४ फेब्रुवारी १३४९ ला ज्यूंना त्यांच्याच दफनभूमीत नेऊन लाकडी माचावर जाळलं. मृतांचा आकडा जुन्या बखरींत दोन हजारांपर्यंत जातो. शहरात तेव्हा प्लेग अजून पोचलासुद्धा नव्हता. नंतर काय झालं, तर ज्यूंकडून घेतलेली कर्जं माफ, गहाण वस्तू परत, रोकड वाटून घेतली. तिथल्याच बखरकाराने लिहून ठेवलंय की खरं विष होतं तो पैसा, ज्यू गरीब असते आणि सरदार त्यांचे कर्जदार नसते तर ते जाळले गेले नसते.

हे वाक्य वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसले. चौदाव्या शतकातला माणूस आपल्या शहराच्या गुन्ह्याचं कारण इतकं स्वच्छ सांगतोय आणि आपण एकविसाव्या शतकात बसून म्हणतो ‘मानसिकता’. डाकीण म्हणून एखाद्या विधवेला गावाबाहेर काढतात तेव्हा तिच्या नावावर किती जमीन होती, ती तिच्यामागे कोणाला मिळणार होती, भगताला कोणी पैसे दिले, गावातल्या कुठल्या पुढाऱ्याने आधी तिचं नाव घेतलं, हे प्रश्न बातमीत का नसतात? महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ ला झाला, सामाजिक बहिष्काराच्या विरोधातला २०१६ ला. हे कायदे माणसांच्या हातातलं हत्यार आहेत, पण ज्याला गुन्ह्यामागचा फायदा शोधायचाच नाही त्याच्या हातात ते बोथटच राहणार. जुनाट समजुतीला अटक करता येत नाही, जमीन बळकावणाऱ्या दिराला येते.

प्लेगवरून आणखी एक. इंग्लंडमध्ये एवढी माणसं गेल्यावर मजूर कमी पडले, उरलेले साहजिकच जास्त मजुरी मागायला लागले, तर राजाने १३४९ ला आदेश काढला आणि १३५१ ला पार्लमेंटने कायदा केला की मजुरी प्लेगच्या आधीचीच घ्यायची, नाहीतर शिक्षा. पार्लमेंट म्हटलं की आपण लोकशाहीची आजी वगैरे म्हणतो, तीच ही पार्लमेंट. १३८१ ला शेतकरी-कारागीर लंडनवर चालून गेले तेव्हा जॉन बॉल नावाचा पाद्री त्यांना विचारत होता, आदम जमीन खणत होता आणि हव्वा सूत कातत होती तेव्हा जमीनदार कोण होता? २०२० च्या मे महिन्यात, मजूर रस्त्याने चालत घरी जात असताना आपल्याकडे काही राज्यांनी कामगार कायदे सैल केले, तेव्हा मी बारावी संपवून घरीच बसले होते आणि मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. १३५१ वाचल्यावर वाटलं. आणि हो, १८९६ ला मुंबईत आणि मग पुण्यात जो प्लेग आला तो याच जंतूचा, त्यासाठी इंग्रजांनी १८९७ ला केलेला साथरोग कायदा आपण कोविडमध्ये वापरला. हे धागे ओढून आणावे लागत नाहीत, ते आहेतच.

उलट्या दिशेने येणारा धागापण सांगते, कारण त्याने मला फार आनंद झाला. पिसा शहरातला फिबोनाची, त्याचा बाप उत्तर आफ्रिकेतल्या बुजी बंदरात जकातीच्या कामावर होता, तिथे पोरगा हिशोब शिकला, आणि १२०२ ला त्याने पुस्तक लिहिलं त्याच्या सुरुवातीलाच आहे की हिंदी लोकांचे नऊ आकडे हे असे आहेत, आणि यांच्यासोबत शून्याची खूण घेतली की कुठलीही संख्या लिहिता येते. ब्रह्मगुप्ताने शून्याचे नियम मांडले ६२८ ला, बगदादमध्ये अल ख्वारिझमीने ते गणित अरबीत नेलं, स्पेनमध्ये अरबीतून लॅटिन झालं, तिथून इटलीचे व्यापारी. इकडचं ज्ञान तिकडे गेलं म्हणून छाती फुगवणारे मेसेज आपण खूप वाचतो, पण ते घेणाऱ्यांनी कष्ट किती घेतले ते त्यात कधी नसतं. इटलीतल्या क्रेमोनाचा जेरार्ड स्पेनमधल्या टोलेडोला गेला तो टॉलेमी या प्राचीन खगोलशास्त्रज्ञाचा एक ग्रंथ मिळवायला, तिथे अरबी शिकला आणि सत्तरच्या वर ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. दुसऱ्या धर्माच्या लोकांकडून, तेही युद्ध चालू असताना. आणि विरोधही झाला, १२९९ ला फ्लोरेन्सच्या सराफांच्या संघटनेने हिशोबाच्या वह्यांत हे नवे आकडे वापरायला बंदी केली, कारण शून्याचा सहा करणं सोपं. आजही आपण चेकवर ‘अक्षरी रुपये’ लिहितो, काळजी तीच.

भाषेचा एक मुद्दा मात्र सोडून चालणार नाही. आपण फ्यूडलिझमला सरंजामशाही म्हणतो आणि पुढे जातो. पण सरंजाम हा आपला, मराठा राज्यातला अगदी नेमका शब्द आहे, सरदाराने फौज पोसावी म्हणून त्याला लावून दिलेला मुलखाचा महसूल. युरोपातलं जे आहे त्यात धन्याच्या हातात हात देऊन घेतलेली शपथ आहे, त्याबदल्यात मिळालेली जमीन आहे, खाली जमिनीला बांधलेला भूदास आहे, आणि हे सगळं प्रत्येक मुलखात वेगळं आहे. इतकं वेगळं की १९७४ मध्ये एलिझाबेथ ब्राऊन या इतिहासकार बाईंनी फ्यूडलिझम हा शब्दच टाकून द्या असं मांडलं. भारतात रामशरण शर्मांनी इथेही सरंजामशाही होती असं म्हटलं, हरबन्स मुखियांनी ते खोडून काढलं, तो वाद अजून शिकवतात. आम्ही मराठीतली पोरं मात्र एका शब्दामुळे पाटील-देशमुखांना युरोपातले लॉर्ड समजून बसतो, आणि लॉर्डना पाटील. दोन्ही कळत नाहीत. वर ‘सरंजामी वृत्ती’ ही पण शिवी झालीच आहे.

म्हणून मला वाटतं मध्ययुगीन युरोप हा विषय आपल्या कॉलेजांतून काढू नये, उलट मराठीत नीट शिकवावा. जुन्या नोट्समधून राजांच्या याद्या आणि पोप विरुद्ध सम्राट एवढंच शिकवायचं असेल तर नको, त्यात काही राम नाही. कागद शिकवावेत. मूळ साक्षी, कायदे, हिशोब, भाषांतर करून पोरांच्या हातात द्यावेत आणि विचारावं, हे कोणी लिहिलं, कशासाठी लिहिलं. आपल्या इतिहासावर वर्गात बोलायचं म्हटलं की जात आठवते, अस्मिता आठवते, आवाज चढतात, पोरं गप्प होतात. स्ट्रासबर्गवर बोलताना आमच्या वर्गात कोणाच्याच भावना दुखावल्या नाहीत, आणि त्या दिवशी आम्ही जेवढं मोकळं बोललो, गर्दीबद्दल, अफवेबद्दल, गप्प बसणाऱ्यांबद्दल, तेवढं दोन वर्षांत कधी बोललो नव्हतो.

मी स्वतः सध्या ज्या कागदात गुंतलेय तो पिरिनीज डोंगरातल्या मोंतायू गावाचा. १३१८ ते १३२५ या काळात जाक फुर्निए नावाचा बिशप, पॅरिसला शिकलेला, अत्यंत चिकाटीचा माणूस, तो पाखंडी शोधत होता आणि एकेका गावकऱ्याला बोलावून तासन् तास प्रश्न विचारत होता, उत्तरं उतरवून घेत होता. त्याने पाच जणांना जाळलं. पुढे तोच पोप झाला, म्हणून ती वही व्हॅटिकनमध्ये शिल्लक राहिली. त्या वहीत पियेर मोरी नावाचा मेंढपाळ बोलतो. हिवाळ्यात कळप घेऊन खाली कॅटलोनियाकडे, उन्हाळ्यात वर डोंगरात, सोबत्यांबरोबर चूल एक, कातरणी एकत्र, चीज करायचं, कोणाकडे किती दिवस राहिलो, कोणाशी काय बोललो. ज्याने त्याला तुरुंगात टाकलं त्याच्याच वहीत तो जिवंत राहिलाय, ही गोष्ट मला अजून पेलत नाही.

आमच्या गावात दिवाळीनंतर धनगरांचे वाडे उतरतात, मेंढरं शेतात बसवतात, दोन-तीन रात्री थांबून पुढे कोकणाच्या वाटेला लागतात. डिझर्टेशनसाठी मी मोरीच्या साक्षीतला काही भाग मराठीत आणतेय आणि पहिल्याच पानावर अडलेय, कारण डोंगरातल्या त्यांच्या मुक्कामाच्या खोपीला, कळपाच्या आवाराला, लोकर कातरायच्या दिवसांना कुठले शब्द वापरायचे हे मला पुस्तकात सापडेना. मग या वर्षी वाडा आला तेव्हा वही घेऊन तिथेच जाऊन बसले. आत्तापर्यंत चाळीसेक शब्द लिहून घेतलेत, ‘वाघर’, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, हा त्यातला पहिला.